आमच्या हॉलमधला अल्टरनेटिंग करंट

पंचवटीत माझ्या हॉलमध्ये संध्याकाळी बारावीच्या मुली फिजिक्स शिकायला येतात. दारात चपलांचा ढीग पडतो, आत किश्श्यांचा. चपला जिच्या ती घेऊन जाते, किस्से मात्र माझ्याच गळ्यात राहतात. आता जागा उरली नाही म्हणून थोडे बाहेर काढते. सगळे एकाच धड्याचे आहेत, जनरेटरच्या. मुली सर्वांत जास्त आपटतात त्या तिथेच!

*

एकदा एक आई मुलीला घेऊन आली. पर्स मांडीवर ठेवून तिने मला आपादमस्तक न्याहाळलं.

"आजी, तुमचं क्वालिफिकेशन?"

"सातवी पास. पुढचं सगळं घरी बसून, जुनी पुस्तकं वाचून. आणि हिचं?"

"प्रीलिमला फिजिक्समध्ये फेल."

"मग मीच पुढे आहे की! बसव तिला."

*

आमचे हे एकलहऱ्याच्या थर्मलला, म्हणजे औष्णिक वीज केंद्रात, नोकरीला होते. नवीन लग्न झालेलं, मी विचारलं, "तिथे वीज होते कशी?"

"वाफेनं टर्बाइन फिरतं, टर्बाइननं जनरेटर फिरतो, झाली वीज."

"पण फिरलं की वीज का होते?"

हे म्हणाले, "चहा टाक."

चहा टाकला. उत्तर मात्र मी पुढे मुलांच्या पुस्तकांतून स्वतः काढलं: कॉइलमधून जाणारं चुंबकाचं क्षेत्र, म्हणजे फ्लक्स, सारखा बदलत राहतो म्हणून! आता मुली ह्यांना काही विचारायला गेल्या की हे पेपरामागून सांगतात, "बाईसाहेबांना विचारा. मी फक्त नोकरी केली."

*

उजव्या हाताचा नियम. अंगठा, तर्जनी, मधलं बोट एकमेकांना काटकोनात धरायचं, की करंटची दिशा कळते. मी फळ्यावर गणित घातलं. सगळ्यांचं उत्तर आलं वर, एकट्या सोनालीचं खाली.

सोनाली मखमलाबादची. घरची झेंडूची शेती. फिजिक्समध्ये नापास झालेली. बापानं बजावलं होतं, "आणखी एकच डाव परीक्षा दे. पास झालीस तर बघू, नाय तर सोयरीक."

पोरीनं सगळ्यांची उत्तरं पाहिली आणि आपलं खोडायला लागली.

"खबरदार!" मी ओरडले. "खोडू नकोस. बरोबर आहे ते!"

बाकीच्या बघतच राहिल्या. मी म्हटलं, "हात वर करा. आहेत तसे!"

एकजात सगळ्यांच्या उजव्या हातात पेन, आणि नियम लावलेला डाव्या हाताने! आमची सोनाली डावखुरी. पेन डावीकडे, उजवा मोकळा!

*

पण एका जागी सोनालीही अडली. "आजी, कॉइलमध्ये फ्लक्स सर्वांत जास्त असतो तेव्हाच व्होल्टेज शून्य? असं कसं? जास्त तर जास्त पाहिजे ना!"

तीनदा सांगितलं. पोरगी मान हलवायची, पण समजलेलं डोळ्यांत दिसेना. शेवटी तिला खाली बिल्डिंगच्या बागेत नेलं, झोक्यावर मी बसले. "ढकल!"

वॉचमन धावत आला. "आजी, हा लहान मुलांचा आहे!"

"मग मोठा बसवून घ्या! ढकल गं."

झोका चांगला चढला. मी वरून विचारलं, "मी सर्वांत लांब कुठे जाते?"

"टोकाला."

"तिथे माझा वेग?"

"तिथं तर तुम्ही क्षणभर थांबता…" आणि पोरगी किंचाळली, "आजी! फ्लक्स टोकाला जातो तिथं त्याचं बदलणं थांबतं! बदल नाय तर व्होल्टेज नाय!"

आनंदाने टाळ्या पिटत ती जी पळाली ती थेट वर, मैत्रिणींना सांगायला. मला उतरवलं वॉचमनने.

*

रुता नावाची एक आगाऊ आहे. "आजी, एसी करंट निम्मा वेळ इकडे, निम्मा वेळ तिकडे. सरासरी शून्य. मग इस्त्री तापते कशी?"

"घरून रामकुंडावर जा आणि परत ये. निघालीस तिथेच आलीस ना?"

"हो."

"चप्पल झिजली की नाही?"

*

सोनाली पास झाली. नुसती नाही, चांगल्या मार्कांनी! मी पेढे घेऊन मखमलाबादला गेले, तर ओट्यावर तिचा मामा आधीच हजर.

"पास झाली ते झ्याक झालं," मामा म्हणाला. "आता स्थळ लय भारी मिळंल. पुढं शिकवून काय करायचंय, दाजी?"

आप्पा, म्हणजे सोनालीचे वडील, खाली बघत होते. माझी जीभ वळवळत होती, पण सोनालीनेच डोळ्याने मला गप्प केलं. आत गेली आणि लाकडी फळीवर बसवलेला सायकलचा डायनामो घेऊन आली. तिनेच त्याला हँडल लावलं होतं.

"मामा, फिरवा बरं."

मामाने फिरवलं. "हॅ! लय हलकं हाय."

सोनालीने वायर जोडली. बल्ब लागला, आणि मामाचा हात अडखळला.

"आरं! जड कसं झालं?"

"का गं?" आप्पांनी पहिल्यांदाच मान वर केली.

"आप्पा, नुसतं फिरवायला काय लागत नाय. उजेड पायजे असला, की कुणाला तरी जोर लावावा लागतो."

आप्पा उठले. खुंटीवरची मोटरसायकलची चावी घेतली.

"दाजी, कुठं निघालात?"

"कॉलेजात, ॲडमिशन घ्यायला. चल गं सोने." गाडीला किक मारून आप्पा मागे वळले. "पाव्हणं, आमी येईस्तोवर हात थांबवू नका. फिरवत राहा!"