हॉबिन्सच्या रानातली वाट आणि मेव्हिसचा जॅम

मेव्हिस प्रीसला आभार मानायचं व्यसन होतं. दुसरा शब्द मला सापडत नाही. बसमधून उतरताना ड्रायव्हरचे आभार आम्ही सगळेच मानतो, ते सोडा. पण मेव्हिस दाढ उपटणाऱ्या डॉक्टरला घरी आल्यावर कार्ड पाठवायची. पार्किंगच्या यंत्रातून तिकीट बाहेर आलं की त्या यंत्रालाही 'थँक यू' म्हणायची. शाळेसमोर हातात गोल फलक धरून तिने सव्वीस वर्षं पोरांना रस्ता ओलांडून दिला आणि थांबलेल्या प्रत्येक गाडीला मान लववली. गाड्या कायद्यानेच थांबतात, कुणी उपकार करत नाही, हे मी तिला एकदा ऐकवलं. ती म्हणाली, "थांबल्या ना पण, पोरी?" मी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची होते.

मी आमच्या ग्रामपंचायतीची कारकून. पगार आठवड्याला दहा तासांचा, बोलणी मात्र चोवीस तास. श्रॉपशरमध्ये एका टेकडीच्या पोटाशी आमचं गाव आहे. पबच्या मागून एक वाट निघते, मेंढ्यांचं कुरण ओलांडते, कुंपणाच्या लाकडी पायऱ्या चढून हॉबिन्सच्या रानात शिरते आणि पलीकडे चर्चपाशी उतरते. हॉबिन्स कोण होता हे कुणालाच माहीत नाही. रान तसं लहानच. हेझलची झुडपं, थोडे ओक, मधून एक ओहोळ. एप्रिलमध्ये रानलसणाचा वास पबच्या अंगणापर्यंत येतो. आत गेलं की रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज एकदम तुटतो आणि एखादा फेझंट पक्षी पायाखालून फडफडत उडाला की काळजाचं पाणी होतं. त्यापलीकडे तिथे काहीही घडत नाही. म्हणून तर माणसं जातात.

मेव्हिस तिथे एकाहत्तर सालापासून रोज जात होती. तिचा नवरा लेन दगडाच्या खाणीत कामाला होता, त्याची फुप्फुसं गेली. अकरा वर्षं तो खाटेवर खोकत पडून होता. दुपारी शेजारीण येऊन तासभर त्याच्यापाशी बसायची आणि तेवढ्यात मेव्हिस रानात जाऊन यायची. "तो तास मिळाला नसता ना," ती मला एकदा शेंगा सोलता सोलता म्हणाली, "तर मी त्याच्या तोंडावर उशी दाबली असती. प्रेम होतं गं माझं, तरीसुद्धा." लेन गेला, तरी तिचा तास चुकला नाही. खुब्याचा सांधा बदलला, तरी काठी घेऊन जायची.

रान होतं रेजिनल्ड बेडोज नावाच्या शेतकऱ्याचं. तो वारला आणि तीन वर्षांनी ते क्रिस्पिन हॅलम नावाच्या लंडनच्या माणसाने घेतलं. माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त एकांत हवा होता, आणि एकांतात आम्ही येत होतो. एका सोमवारी कुंपणाच्या पायऱ्या गेल्या आणि तिथे कुलूपबंद फाटक आलं. आता चर्चला जायचं तर मोठ्या रस्त्याने. त्याला पदपथ नाही, वळणं आंधळी आणि दुधाचे टँकर धडधडत जातात. एकोणऐंशी वर्षांची बाई काठी टेकत तिथून जाऊ शकत नाही. मेव्हिस घरात बसली. महिन्याभरात ती इतकी वाळली, की मी कायद्याचं पुस्तक काढलं.

आमच्याकडचा कायदा असा आहे. एखाद्या वाटेने लोक वीस वर्षं उघडपणे आणि कुणालाही न विचारता चालले, की ती वाट सगळ्यांची होते. मालकाने मेहेरबानी म्हणून चालू दिलं असेल, तर मात्र ती मालकाचीच राहते. थोडक्यात, आमचं गाव वीस वर्षं कुणालाही न जुमानता चाललं, हे आम्हाला सिद्ध करायचं होतं. मी घरोघर साक्षीचे अर्ज वाटले. जुनी माणसं बरीच गेलेली, नवी कालपरवा आलेली. सलग वीस वर्षं चाललेले तिघेच सापडले. एकाला काल काय जेवला ते आठवत नव्हतं, दुसरा हॅलमच्याच बागेत कामाला लागला होता. तिसरी मेव्हिस.

तिचा अर्ज मी तिच्याच स्वयंपाकघरात वाचला. 'वाट वापरण्यासाठी आपण कधी मालकाशी बोललात का?' या प्रश्नाखाली तिने सुंदर, गोल अक्षरात लिहिलं होतं: 'होय. दर सप्टेंबरात मी मिस्टर बेडोज यांच्याकडे डॅमसन प्लमच्या जॅमच्या दोन बाटल्या घेऊन जात असे. त्यांच्या रानातून जाऊ दिल्याबद्दल आभार मानायला.'

मी कपाळावर हात मारला. "मेव्हिस, अगं हे काय लिहून ठेवलंयस!"

"जे केलं ते."

"आभार मानले म्हणजे त्यांनी परवानगी दिली होती, असा अर्थ होतो. मग वाट त्यांची. गेलीच ती आपल्या हातातून!"

"पण मानले होते ना मी आभार."

"हो, पण ते लिहायलाच हवं का? गाळून टाक ना एवढी ओळ. कोण बघायला आलंय?"

तिने चहाचा कप खाली ठेवला. "ज्याचे तीस वर्षं आभार मानले, त्याचे मानलेच नाहीत असं सांगू? हेदर, मला रान हवंय गं. तुम्हा सगळ्यांहून जास्त हवंय. पण असं नको."

माझं डोकंच फिरलं. मी तिला हट्टी म्हणाले, आणखीही बरंच काही म्हणाले आणि दार आपटून निघाले. तिच्या आभारांवर बेडोज काय म्हणायचा, हा साधा प्रश्न मला सुचला नाही. रागावलं की माझे कान बंद होतात, माझा नवराही हेच सांगतो. बातमी पबमध्ये पोचली. गल्ल्यामागच्या रॉनने तिला तोंडावर ऐकवलं, "मेव्हिस, तुझ्या जॅमने गावाची वाट खाल्ली." चर्चच्या जत्रेचे स्टॉलही तोच वाटतो; त्याने तिला केकचा स्टॉल दिला नाही. ती म्हणे जाताना त्याला 'थँक यू' म्हणाली.

हॅलमने हरकत घेतली, म्हणून नोव्हेंबरमध्ये गावच्या सभागृहात चौकशी झाली. सरकारी निरीक्षक बाई थर्मास घेऊन आल्या होत्या, हीटर नुसताच खडखडत होता आणि आम्ही सगळे कोट घालून बसलो होतो. मेव्हिस साक्षीला उभी राहिली. ठेवणीतला निळा कोट, हातात काठी. हॅलमचा वकील तरुण आणि गोड बोलणारा होता. मेव्हिसचा अर्ज त्याच्या हातात होता.

"मिसेस प्रीस, हा जॅम आपण दरवर्षी नेत होता?"

"एकोणऐंशी सालापासून. ते जाईपर्यंत."

"कारण ही वाट त्यांच्या कृपेने मिळाली आहे, असं आपण मानत होता."

"हो."

रॉनने मोठ्याने सुस्कारा टाकला. मी डोळे मिटून घेतले.

"आणि मिस्टर बेडोज आनंदाने जॅम ठेवून घेत असत?"

मी डोळे उघडले. मेव्हिस मानेपर्यंत लाल झाली होती.

"याचं उत्तर द्यायलाच हवं का?" तिने निरीक्षक बाईंना विचारलं. "गेलेल्या माणसाबद्दल आहे हो."

"दिलंत तर बरं होईल," बाई म्हणाल्या.

"नाही घ्यायचे. एकदाही नाही घेतला. दारात उभं करून ओरडायचे माझ्यावर."

"ओरडायचे?" वकिलाने विचारलं. त्याने ते विचारायला नको होतं.

"म्हणायचे, 'आभार कसले मानता, बाई? ही वाट माझ्या आजोबांच्या आधीपासून आहे. ती द्यायला माझी आहे कुठे? न्या तो जॅम घरी.' मी बाटल्या पायरीवर ठेवून यायचे. संध्याकाळपर्यंत त्या माझ्या फाटकाला पिशवीत टांगलेल्या असायच्या. झाकणसुद्धा उघडलेलं नसायचं. दर सप्टेंबरात हेच. मी कुणाला सांगितलं नाही. लाज वाटायची मला."

निरीक्षक बाईंनी पेन उचललं. "मिसेस प्रीस, ते काय म्हणायचे, ते जरा सावकाश पुन्हा सांगाल?"

तिने पुन्हा सांगितलं. बाईंनी शब्दन्शब्द उतरवून घेतला. वकील खाली बसला. मागच्या रांगेत कुणीतरी हसायला लागलं आणि लगेच नाक शिंकरायला लागलं. मेव्हिसला मात्र काहीच कळलं नव्हतं. ती खुर्चीवर येऊन बसली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "वाट लावली ना मी?"

"अगं वेडे," मी म्हणाले. मालकाने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं, की वाट आपली नाही. तीसेक वर्षं, दरवर्षी. आणि ऐकणारी गावातली एकमेव बाई अशी, जी जीव गेला तरी खोटं बोलणार नाही.

निकाल मार्चमध्ये आला. फाटक निघालं, पायऱ्या परत बसल्या. रॉनने तिला पबमध्ये फुकट शेरी पाजली आणि सगळ्यांसमोर माफी मागितली. मीही मागितली, आदल्याच दिवशी, तिच्या घरी जाऊन. नशीब माझं, की ही बाई माझं ऐकत नाही.

पहिल्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले. मेंढ्यांना कोकरं झाली होती. रानात ॲनिमोनीची पांढरी फुलं नुकती उमलली होती आणि ओहोळाचा आवाज येत होता. ती कोवळ्या पानांना काठीने हलकेच बाजूला करत चालली. अर्ध्या वाटेत ओकच्या एका आडव्या खोडावर बसली.

"निकालाचा कागद मी चारदा वाचला," ती म्हणाली. "त्यांचे शब्द छापलेत त्यात. वाचताना ओरडल्यासारखे वाटत नाहीत गं ते. मला वाटायचं, ते मला हाकलतायत. ते मला सांगत होते, की हे तुमचंच आहे."

मी तिचा हात धरला. तो थंड होता.

"शेवटी शेवटी जॅमचा दिवस सोडला, तर ते समोरून आले, की मी रस्ता बदलायचे. त्यांच्या अंत्यविधीलाही गेले नाही, हेदर. माझ्याइतकी आभार मानणारी बाई, आणि मी गेले नाही."

आम्ही तशाच पुढे निघालो, रानाबाहेर, चर्चच्या आवारात. बेडोजचं थडगं यू वृक्षाखाली आहे, दगडावर शेवाळ चढलंय. मेव्हिसने काठी माझ्या हातात दिली आणि दगडाचा आधार घेत वाकली. तिच्या तोंडून 'थँक यू' येईल, अशी माझी खात्री होती.

"मिस्टर बेडोज," ती म्हणाली, "मला वाटलं, मी तुम्हाला नकोशी होते."