मधला मऊ भाग

शेजारचे काका दर रविवारी घरी सिनॅमन रोल करतात. त्यांच्या तोंडी ती दालचिनीची वळकटी. यीस्ट घालून मळलेल्या पिठाचं पातेलं ते जुन्या चादरीत गुंडाळून ठेवतात आणि मला दारातच दटावतात, "हळू बोल की, पीठ फुगायलंय."

काकू होत्या तेव्हा त्या रोल उलगडून बाहेरची कडक पट्टी स्वतःला घ्यायच्या आणि मधला मऊ भाग काकांच्या बशीत ठेवायच्या. "मला कडकच आवडतंय," म्हणायच्या. काकांनी कधी फिरून विचारलं नाही. सोलापुरात कडक भाकरी आवडीनं खाणाऱ्या बाईवर अविश्वास कोण दाखवणार?

शेवटच्या आजारात काकूंना चावेना, तेव्हा काकांनी पहिल्यांदाच मधला भाग त्यांना भरवला. मी तिथंच होतो. काकूंनी तो घास बराच वेळ तोंडात घोळवला आणि नवलानं म्हणाल्या, "असं लागतंय व्हय हे!"

काकांनी पुढचा घासही मधलाच मोडला.

आता काका बाहेरची पट्टी कुरकुर चावत बसतात आणि मधला भाग माझ्याकडे सरकवतात.

"काका, तुम्ही घ्या की."

"नको. मला कडकच आवडतंय."