अडकलेलं कपलिंग

ऐंशीच्या दशकात अमेरिकेत, वाळवंटातल्या चँडलर गावच्या एका छोट्या कारखान्यात मी ड्रॉइंग्ज करत असे. लष्करी टँकरच्या नळ्या जोडायचं कपलिंग आम्ही बनवत होतो. अमेरिकेच्या लष्करी युतीतल्या सगळ्या देशांना एकच कपलिंग चालावं, म्हणून ही मोठी ऑर्डर निघणार होती. ड्रॉइंग माझं होतं. पण चाचणीला परदेशी अधिकारी आले, त्या दिवशी मला कँटीनमध्ये बसवलं. चाचणीच्या हॉलमध्ये पाहुण्यांखेरीज फक्त अमेरिकन नागरिकांना प्रवेश होता आणि मी अजून ग्रीन कार्डवर होते.

तासाभराने बॉस नमुना हातात घेऊन, घाम पुसत आला. पाहुण्यांनी आणलेला भाग आमच्या भागावर बसतच नव्हता. सकाळी ऑफिसात सहज बसला होता. मी विचारलं, मधल्या वेळात आपला नमुना कुठे होता? हॉलकडे न्यायला म्हणून त्याच्या गाडीच्या डिकीत ठेवला होता. बाहेर जूनचं ऊन होतं.

मला चूक कळली. आपला आतला भाग अॅल्युमिनियमचा, त्यावर बसणारं त्यांचं कडं स्टीलचं. तापल्यावर आपला भाग जास्त फुगतो, आणि मी मधे पुरेशी जागाच सोडली नव्हती.

बॉसने कँटीनचा फ्रीज उघडला. "दहा मिनिटं गार करू. बसेल ना?"

"बसेल," मी म्हणाले. "पण टँकर उन्हातच उभे असतात."

बॉस तरीही नमुना आत ठेवू लागला. तेवढ्यात त्याला शोधत एक पाहुणा अधिकारी दारात आला, मागे सिक्युरिटी गार्ड. फ्रीज उघडाच होता. अधिकाऱ्याने विचारलं, हे ड्रॉइंग कोणाचं? बॉस म्हणाला, टीमचं.

नोकरी गेली तर ग्रीन कार्ड जात नाही, एवढं मला माहीत होतं. पण नवऱ्याचं शिक्षण चालू होतं आणि घर माझ्या पगारावर होतं.

"ड्रॉइंग माझं आहे," मी म्हणाले. "चूकही माझी आहे. गरम झालं की अडकणार."

अधिकाऱ्याने खुर्ची ओढली आणि किती जागा हवी ते विचारलं. हॉलमध्ये जायच्या यादीत माझं नाव नाही, याची गार्डने त्याला आठवण करून दिली. तो म्हणाला, मग आम्ही इथेच बसतो.

ऑर्डर तीन महिने लांबली. मी ड्रॉइंग दुरुस्त केलं, पुढची चाचणी उन्हातच झाली आणि कपलिंग पास झालं. बॉस मात्र त्या दिवसानंतर आठवडाभर माझ्याशी कामापुरतंही बोलला नाही. निरोप सेक्रेटरीकडून यायचे.