वैशाखातली मापं

बी.एस्सी. झाल्यावर सोलापुरातल्या एका कॉलेजात फिजिक्सच्या सरांकडे मला काम मिळालं. परदेशी प्रयोगशाळेत प्रोटॉनचा झोत सोडलेल्या काही काचपट्ट्या सरांनी मागवल्या होत्या. पट्टीवर फोटोच्या फिल्मवर असतो तसल्या मसाल्याचा जाड थर. त्यातून प्रोटॉन गेला की काळ्या ठिपक्यांची रांग उमटते. झोतातला एकेक कण सूक्ष्मदर्शकातून पट्टीच्या कडेला धरायचा आणि तो पलीकडच्या कडेपर्यंत जातो की मध्येच कुठे धडकतो, ते पाहायचं. किती धडकतात, किती वळतात, यावरून प्रोटॉन केवढा आहे ते काढता येतं, एवढं सरांनी पहिल्या दिवशी सांगितलं.

बहुतेक कण सरळ जात. संध्याकाळी डोळे चुरचुरत.

एकदा वडील मंद्रूपहून ज्वारी घेऊन आले. मी त्यांना भिंगातून पाहायला लावलं.

"ठिपकेच हायेत की. त्यो कुटं हाय?"

"तो कधीच गेला. ही त्याची वाट."

"मंग गेलेल्याच्या मागं किती दिस हिंडायचं?"

ते थट्टा करत नव्हते.

झोतातला प्रोटॉन मसाल्यातल्या हायड्रोजनच्या प्रोटॉनवर नुसता आपटला, तर तिथून निघणाऱ्या दोन रेषांमध्ये जवळजवळ काटकोन असतो. तशाच टकरी आम्ही ठेवत होतो, बाकीच्या सोडून देत होतो. फाल्गुनापर्यंत त्या मिळत होत्या. वैशाखात मिळेनाशा झाल्या. प्रत्येक टक्कर कोनात थोडी वाकडी यायची. माझाच हात बिघडला, असं मी धरून चालले. सर रोज विचारत, "आज काही?" शेवटी चार टकरींतल्या रेषा थरात किती खोल आहेत, ते आकडे मी वहीत जरासे बदलले. कोन बरोबर आले.

तिसऱ्या दिवशी सरांना सांगितलं.

त्यांनी चष्मा काढला. "कोणते चार, आठवतंय?"

"हो, सर."

"आधी ते खोडा. मग बोलू."

खोडून झाल्यावर त्यांनी मला हिवाळ्यात मोजलेली एक टक्कर पुन्हा मोजायला लावली. खोली कमी आली. मग त्यांनी स्वतः मोजली, तरी तेवढीच. मग मसाल्याच्या थराची जाडी मोजली. तीही घटली होती.

"थर वाळलाय," सर म्हणाले. "तुमचा हात ठीक आहे. ही इथली हवा."

मला हायसं वाटलं, आणि लाजही वाटली. हात ठीक होता. आकडे मात्र मीच बदलले होते. सर त्याविषयी पुढे कधीच बोलले नाहीत, पण महिनाभर माझी प्रत्येक नोंद ते स्वतः तपासत होते.

त्यानंतर रोज काम सुरू करताना थराची जाडी मोजायची आणि त्या प्रमाणात खोली दुरुस्त करायची, असं ठरलं. सोडून दिलेल्या टकरी मी पावसाळाभर पुन्हा शोधल्या. बऱ्याचशा खऱ्या निघाल्या. माझ्या त्या चारांपैकी एक मात्र खरंच वाकडी होती.

आमचं उत्तर इतर ठिकाणच्या उत्तरांच्या आसपासच आलं. नवीन काही निघालं नाही. इथल्या हवेतही तेच माप आलं, याचा सरांना आनंद झाला; तो मला तेव्हा कळला नाही. पट्ट्या संपल्या तसं कामही संपलं आणि मी मोडनिंबला शाळेत शिकवायला लागले.