मालूआत्याची अमेरिका

"मालू गेली," अण्णांनी फोनवर एवढंच सांगितलं. फोन मात्र ठेवला नाही. मी अकोल्याला बँकेत होते, जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. फोन कानाशी धरून मी ऐकत राहिले... कोणीतरी फ्लॅटच्या किल्ल्या विचारत होतं, शेजारची बाई रडत होती, खाली एक ऑटो हॉर्न वाजवत होता. माझी आत्या दुपारच्या चहाची वाट बघत खुर्चीतच गेली होती. वय अठ्ठ्याहत्तर. अण्णा, म्हणजे माझे वडील, तिच्याहून सहा वर्षांनी मोठे. त्यांना शेजाऱ्यांनी बोलावलं तेव्हा ते जिना एकटेच चढून गेले, कोणाचा हात धरला नाही, असं मला नंतर कळलं. या गोष्टीला आता दीड महिना होईल. लिहावं की नाही, याचा विचार करण्यातच इतके दिवस गेले.

मालूआत्या खामगावच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायची. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला अमेरिकेच्या इतिहासाचा एक पेपर होता आणि तो दुसऱ्या कोणाला नको असायचा. मोताळ्या-डोणगावकडून एस.टी.ने येणाऱ्या पोरापोरींना शिवाजी, पेशवे, गांधी समजायचे. ही पोलाद, रेल्वे आणि तेलाच्या मक्तेदाऱ्यांची अमेरिका त्यांच्या कोणत्या कामाची? आत्याने नोकरीला लागल्यावर तो पेपर आपण होऊन मागून घेतला आणि निवृत्त होईपर्यंत सोडला नाही. मी तिची भाची म्हणून नाही, तर रीतसर विद्यार्थिनी म्हणून तिच्या वर्गात बसले आहे. तिथे मला 'मॅडम' म्हणावं लागे. एकदा चुकून 'आत्या' म्हटलं, तर तिने माझ्याकडे न बघता पुढच्या बाकावरच्या मुलीला उत्तर विचारलं.

तिची शिकवण्याची तऱ्हा साधी होती. पहिल्या दिवशी ती वर्गाला विचारायची, जलंबहून आपल्या गावात ही छोटी रेल्वेलाइन कशी आली? मग ती सांगायची की अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण आपसात लढली, तिकडचा कापूस विलायतेला पोचेना, तिथल्या गिरण्या उपाशी बसल्या आणि इंग्रजांची नजर वऱ्हाडाच्या काळ्या मातीकडे वळली. "रूळ येईस्तोवर तिकडची लढाई संपलीसुद्धा होती," ती म्हणायची. "अमेरिकेचा कापूस परत बाजारात आला, आपले भाव पडले. पण रूळ राहिले." पोरं हसायची, आणि त्या दिवसापासून अमेरिका त्यांना जरा ओळखीची वाटू लागायची. मग ती त्यांना घेऊन निघायची. जंगलं तोडून टाकलेले रूळ, धूर ओकणाऱ्या पोलादाच्या भट्ट्या, दहा-दहा तास काम करणारी लहान पोरं, एका खोलीत राहणारी तीन कुटुंबं. आणि मग त्या सगळ्यावर चिडलेली माणसं, कारखान्यांत शिरून तिथलं जगणं छापणाऱ्या बायका, आठ तासांच्या दिवसासाठी संप करणारे कामगार. लगेच पुढचा धडा असायचा फिलिपीन्सवर पाठवलेल्या फौजेचा. घरात सुधारणा मागणारा देश त्याच सुमाराला समुद्रापलीकडे दुसऱ्यांची बेटं ताब्यात घेत होता. एका मुलाने वैतागून विचारलं होतं, "मॅडम, मंग अमेरिका चांगली का वाईट?" आत्या म्हणाली, "कोणत्या साली आणि कोणासाठी, ते आधी सांग."

त्या वर्षीचा एक तास मात्र मला जसाच्या तसा आठवतो. दिवाळीच्या आधीचे दिवस होते. आत्या न्यूयॉर्कमधल्या शर्टच्या कारखान्याला लागलेल्या आगीबद्दल सांगत होती. उंच इमारतीचे वरचे मजले, कापडाच्या चिंध्या, शिवणयंत्रांवर वाकलेल्या परदेशातून आलेल्या मुली. आग भडकली तेव्हा एका बाजूचं दार कुलूपबंद होतं. मुलींनी चोरी करू नये, वेळेआधी निसटू नये, म्हणून ते बंद ठेवत असत. कितीतरी मुलींनी खिडक्यांतून उड्या घेतल्या... आत्या हे काही आवाज चढवून सांगत नव्हती, नेहमीसारखंच सांगत होती. तेवढ्यात कविता नावाची मुलगी उभी राहिली. तिची आई, सुमनबाई, जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, कवडी म्हणजे किडका-डागी कापूस वेचायच्या कामाला होती.

"मॅडम, आमच्या मायच्या जिनिंगातबी मागच्या दाराले कुलूप असते."

सुमनबाई कोणाच्या जिनिंगला जाते ते सगळ्यांना ठाऊक होतं. ते जिनिंग माझ्या वडिलांचं, म्हणजे मॅडमच्या सख्ख्या भावाचं होतं. मी वहीकडे बघत बसले. आत्याने खडू खाली ठेवला.

"कोणतं दार?"

"सरकीच्या ढिगाकडलं."

"दिवसापण?"

"हाव मॅडम. पाळी सुटेपर्यंत."

"बस," आत्या म्हणाली आणि राहिलेला तास तिने पूर्ण केला. त्या आगीनंतर तिथे कोणते कायदे झाले, ते सगळं लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी ती कोणाला न सांगता जिनिंगवर गेली, मागून वळसा घालून दारापर्यंत गेली आणि कुलूप हाताने ओढून पाहिलं. हे तिने घरी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं ते थेट भाऊबीजेला.

आमच्या घरी भाऊबीजेला अण्णा पाटावर बसायचे, आत्या ओवाळायची आणि अण्णा तबकात साडीची घडी ठेवायचे. त्या दिवशी आत्याने निरांजन लावलं आणि तबक हातात धरून तशीच उभी राहिली.

"दादा, यंदा साडी नको. मागच्या दाराचं कुलूप काढ."

अण्णांना आधी कळलंच नाही. कळल्यावर त्यांचा चेहरा उतरला. "कोणं सांगतलं तुले?"

"मी पाह्यलं."

"रुई चोरीले जाते मालू. लुगड्यात बांधून नेतात बायका. तुले काय माहीत धंद्यातलं?"

"मंग एक माणूस बसव तिथं."

"हे पाह्य," अण्णा म्हणाले, "तुही अमेरिका तुह्या कॉलेजात ठेव. हे खामगाव हाय."

आत्याने निरांजन विझवलं नाही, ओवाळलंही नाही. तबक आईच्या हातात दिलं, चपला घातल्या आणि निघून गेली. आईने ते तबक देवापुढे नेऊन ठेवलं. अण्णा पाटावर किती वेळ बसून राहिले असतील कोण जाणे, शेवटी आईनेच त्यांना उठवलं.

नंतर आत्याने जे केलं ते गावात पुष्कळ दिवस बोललं गेलं. तिने कारखाने तपासणाऱ्या सरकारी कचेरीत आपल्या नावाने, आपल्या सहीने तक्रार दिली. तपासणी झाली, नोटीस आली, कुलूप निघालं. सख्खी बहीण भावावर उलटली, असं लोक म्हणाले. कॉलेजच्या कमिटीतल्या एका गृहस्थांनी तिला बोलावून, घरचं भांडण चव्हाट्यावर आणू नये, असं समजावलं. "घरचं असतं तर घरातच केलं असतं," असं ती त्यांना म्हणाल्याचं तिच्याच एका सहकाऱ्याने मला सांगितलं. अण्णांनी तिच्याशी बोलणं टाकलं. ती आईला भेटायला यायची, पण अण्णा जिनिंगवर असताना. माझ्या लग्नात दोघं मांडवाच्या दोन टोकांना उभे होते आणि फोटोवाला त्यांना एकत्र उभं करण्यासाठी उगाच धडपडत होता.

मग एका हंगामात आग लागली. कापसातून आलेला खडा किंवा लोखंडाचा तुकडा रेच्यात, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रात, अडकला आणि ठिणगी उडाली असावी. भरदुपारची वेळ, पुढच्या अंगाला रुईचे ढीग. रुई पेटायला वेळ लागत नाही. पुढचा रस्ता धुराने भरला आणि बायका मागच्या दाराने सरकीच्या ढिगावरून घसरत बाहेर पडल्या. सुमनबाईचा हात कोपरापर्यंत भाजला, दोघींचे पाय मुरगळले. बाकी सगळ्या धड होत्या. मी तेव्हा माहेरी आले होते. अण्णा बाहेर मैदानात उभे राहून एकेकीचं नाव घेऊन हाक मारत होते. ती 'हाव' म्हणाली की पुढचं नाव. सुमनबाईचं नाव त्यांनी दोनदा घेतलं, कारण पहिल्यांदा खोकल्यात तिचं 'हाव' ऐकूच आलं नाही.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला सकाळी अण्णा आईला म्हणाले, "चाल." कुठे ते सांगितलं नाही. आत्याच्या फ्लॅटचं दार तिनेच उघडलं.

"काऊन आला?"

"ओवाळ," अण्णा म्हणाले आणि आत जाऊन जमिनीवरच बसले. आत्याकडे पाट नव्हता. तिने ओवाळलं. दाराबद्दल कोणी शब्द काढला नाही. चूक झाली असं अण्णा त्या दिवशी म्हणाले नाहीत आणि नंतरही कधी म्हणाले नाहीत. आत्याने तशी अपेक्षा ठेवली होती असंही मला वाटत नाही. दुपारी दोघं सोयाबीनच्या भावाबद्दल बोलत बसले होते.

आत्या निवृत्त झाल्यावर माझा भाऊ तिला अमेरिकेला घेऊन गेला. त्याने तिला दाखवायला पुष्कळ ठरवलं होतं. तिला फक्त ती शर्टच्या कारखान्याची इमारत पाहायची होती. ती अजून उभी आहे, तिथे विद्यापीठाचे वर्ग भरतात. भाऊ सांगतो की आत्या फुटपाथवर मान वर करून मजले बघत उभी राहिली, मग म्हणाली, "खूप उंच नाही रे... मले जास्त उंच वाटे." परतताना ती गाडीत झोपून गेली.

तेराव्यानंतर तिचा फ्लॅट आवरायला मी गेले. अण्णाही आले. काही करण्यासारखं त्यांच्याजवळ नव्हतं. मी पुस्तकं खोक्यात भरत होते, ते खुर्चीत बसून बघत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "मालू वर्गात काय सांगे, सांग बरं." इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. मी खोकं बाजूला सारलं आणि जमिनीवर बसून, तिच्यासारखंच, जलंबच्या रेल्वेपासून सुरुवात केली. अण्णा व्यापाऱ्यासारखं ऐकत होते, मध्येच कापसाचा भाव विचारत, रूळ कोणाच्या पैशाने टाकले ते विचारत. सांगता सांगता मी त्या आगीपर्यंत आले. थांबावं की काय, असं मला वाटलं. पण ते वाट बघत होते, म्हणून सांगितलं.

"मंग त्या मालकायचं काय झालं?"

"खटला चालला. सुटले ते."

"सुटले?"

"दार बंद आहे हे त्यांना त्या वेळी माहीत होतं, असं कोर्टात सिद्ध झालं नाही."

अण्णांनी मान हलवली. "माहीत असते," ते म्हणाले. "मालकाले माहीत असते."

मी पुढचं सांगितलं. पुढे त्या दोन मालकांतल्या एकाने दुसऱ्या कारखान्यात पुन्हा दाराला कुलूप लावलं आणि पुन्हा पकडला गेला.

"पुन्हा लावलं?"

"हो."

अण्णांनी खोक्यातलं वरचं पुस्तक हातात घेतलं, परत ठेवलं. मग म्हणाले, "त्याले बहीण नसन."