हिरडीचा रोवणा

दातांच्या डॉक्टरकडे किस्से फार जमतात. कारण साधं आहे. अर्धा तास पेशंटचं तोंड उघडं, आणि बोलणार मात्र आपण! तो बिचारा सगळं आतल्या आत साठवतो आणि चूळ भरली की एकदम सोडतो.

माझ्या हाताखाली कमलबाई होत्या. हत्यारं उकळण्यापासून पेशंटला दम देण्यापर्यंत सगळं त्याच बघायच्या. आता त्या मूल गावी लेकाकडे असतात. भेटलो की पहिलं वाक्य ठरलेलं, "डॉक्टरबाई, तो आठवते का?" की झालं, चहा गार!

चंद्रपूरला कापडाच्या दुकानावर दोन खोल्यांचा आमचा दवाखाना होता. गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झालेला, पण दात दुखला की माणूस चंद्रपूरलाच यायचा. मी नागपूरहून हिरड्यांचं ऑपरेशन शिकून आलेली, ताजी ताजी! हिरडी खाली सरकून दाताचं मूळ उघडं पडलं, की टाळूचं नखाएवढं पातळ कातडं काढायचं आणि तिथं शिवायचं. त्याला ग्राफ्ट म्हणतात.

निघताना आमचे सर म्हणाले होते, "तिकडं पेशंट परत येत नाहीत. ग्राफ्ट टिकला की नाही, ते वर्षानं कळतं. वर्षानंतरचा एक फोटो दाखव, मी मानतो. नाहीतर कॉलेजात जागा आहे, गुपचूप परत ये."

मला परत जायचं नव्हतं. बाबा बल्लारपूरला मास्तर होते. शिकलेली पोरगी आपल्या लोकांत राहिली म्हणून शाळेत सगळ्यांना सांगत फिरायचे. त्यांना काय तोंड दाखवणार? तेव्हा मला हवा होता एक फोटो. फक्त एक!

*

पहिला आला तो आलापल्लीकडच्या एका आरामशीनवरचा कामगार. "बाई, माहा दात वाढून राह्यला."

बघितलं तर दात होता तेवढाच होता, हिरडी उतरलेली. पण दाताचं टोक एकदम सपाट!

"हे काय केलं?"

"करवत घासाची कानस होती नं हाताशी. थोडासा घासला."

"आणि हा बाजूचा?"

"पयला जरा जास्त घासला गेला. मंग त्याले लेवल केलं."

कमलबाई ट्रे घेऊन आत पळाल्या. मी मात्र तोंड सरळ ठेवलं. कसं ठेवलं, ते माझं मला माहीत.

*

ब्रह्मपुरीकडची एक धानवाली बाई होती, सीताबाई. तिला मी चित्र काढून समजावलं. टाळूचं कातडं इथून काढणार, इथं लावणार.

तिचा नवरा चित्राकडे बघत राहिला. म्हणाला, "टायूचं हिरडीले लावान. मंग टायूले कुठचं लावान?"

तीन वर्षं शिकले, हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता! मी शब्द जुळवतेय, तोवर सीताबाईच त्याच्यावर खेकसली, "तुमाले काही समजते का? रोवणा आहे हा! धानाचे पऱ्हे उपटून बांधीत लावतो का नाई आपण? पऱ्ह्याची जागा का उघडी राह्यते? येते तिथी गवत."

मी खूश! तेव्हापासून मी सगळ्यांना भातलावणीचा हा रोवणाच सांगायला लागले. चित्र फाडून टाकलं.

चौथ्या दिवशी सीताबाई दवाखान्यात आली. गाल टम्म फुगलेले, तोंडातून शब्द नाही. मी घाबरले. सूज? पू? खुर्चीत बसवलं, तर तिनं हातानं थांब म्हटलं, उठली, आणि मोरीत गुळणी टाकली. गालाची सूज खलास!

"तोंडात पाणी कशाला धरलं होतं?"

"चार दिवसांपासून धरून राह्यली बाई. जेवाले अन् झोपाले तेवढं सोडतो. रोवण्यात पानी नसलं, तं पऱ्हे सुकन नाई का?"

माझीच चूक! रोवणा सांगितला, पाणी सांगायचं राहिलं. गंमत म्हणजे तिचा ग्राफ्ट मस्त गुलाबी दिसत होता. पण वर्षानं या म्हटलं, तर त्याच वेळी गावात धान कापणी. आली नाही.

*

राजुऱ्याच्या एका गुरुजींना मी बजावलं, "खर्रा सोडा. निदान महिनाभर तरी." तंबाखूनं टाके सडतात. गुरुजींनी शाळेची शपथ घेतली.

आठवड्यानं आले, तर तोंडाला तोच वास!

"गुरुजी, सोडणार होतात ना?"

"सोडलाच नं! तुम्ही शिवलं, त्या साइडनं पूर्ण सोडला."

*

लाइट जायची तेव्हा कमलबाई टॉर्च धरायच्या. एकदा त्यांचे दोन्ही हात अडकलेले, मी टाका घालतेय, आणि लाइट गेली! खुर्चीतल्या पेशंटनं स्वतःच टॉर्च घेतली आणि आपल्याच तोंडात मारून धरली. हात जराही हलला नाही. ऑपरेशन झाल्यावर म्हणाला, "पंधरा वर्षं थेटरात पब्लिकले सीट दाखवली बाई!"

*

जिवतीच्या एका ग्रामसेवकाचं सांगते. त्याचा ग्राफ्ट माझ्या हातचा सगळ्यात सुंदर होता. दहाव्या दिवशी टाके काढायला ये म्हटलं. तो आला नाही. एसटीचा कंडक्टर आला, आणि त्यानं माझ्या हातात काडेपेटी ठेवली. आत चार काळे दोरे आणि एक चिठ्ठी.

"न्हाव्याकडून टाके काढून घेतले. दोरे परत पाठवत आहे. आपली वस्तू आपल्याकडे असलेली बरी."

मला तोंड बघायचं होतं, आणि माणूस दोरे पाठवतो! मी काडेपेटी टेबलावर आपटली आणि चक्क रडले. सरांचं पत्र त्याच आठवड्यात आलेलं. होळीपर्यंत कळव, नंतर जागा दुसऱ्याला जाईल. कमलबाई म्हणाल्या, "जाऊ नका बाई. मी एकेकाच्या गावी जाऊन कान धरून आणतो!" पण कुणाकुणाचे कान धरणार?

*

आणि मग लालसू.

एटापल्लीच्या पलीकडे, सूरजागडच्या डोंगराकडचा माडिया आदिवासी. तेव्हा चंद्रपूरला लाकडाच्या डेपोत काम करायचा. खालचा समोरचा दात मुळापर्यंत उघडा, गार पाणी पिता येईना. ऑपरेशन मी आदल्या वर्षीच, होळीच्या सुमारास केलेलं, तेही फुकट. खरं सांगू? त्याच्यापेक्षा गरज मलाच जास्त होती.

टाके काढायला बरोबर दहाव्या दिवशी हजर झालेला हा एकटा! मी आरसा धरून त्याला नवी हिरडी दाखवली. म्हटलं, "लालसूभाऊ, हे मी लावलेलं आहे. कुणालाही हात लावू देऊ नका. आणि वर्षानं मला दाखवायला या. नक्की या."

त्यानं मान हलवली आणि गेला. डेपोचं काम संपलं, तो डोंगरात परतला, एवढंच नंतर कळलं. मी त्याची आशा सोडली.

होळीच्या तीन दिवस आधी कमलबाई धावत आत आल्या. "बाई, लालसू!"

तो दारात उभा होता. धुळीनं माखलेला. एक दिवस चालून, मग दोन एसट्या बदलून आला होता. मी आधी कॅमेरा काढला. त्याला खुर्चीत बसवलं आणि खालचा ओठ ओढला.

हिरडी इतकी सुरेख, की पुस्तकात छापावी! गुलाबी, घट्ट, शिवणीची खूणसुद्धा नाही.

आणि दात नाही!

कमलबाईंनी डोक्याला हात लावला. "अरे बावा, दात कुठी गेला?"

लालसू शांतपणे म्हणाला, दिवाळीनंतर दात फार ठणकला. आठवडी बाजारात दात काढणारा बसतो, त्याच्याकडे गेलो. त्याच्याशी भांडण झालं, तो सगळीकडे हात घालत होता.

"भांडण काऊन?" कमलबाईंनी विचारलं.

त्यावर लालसू जे बोलला, ते ऐकून मी फोटो काढला. एक नाही, तीन काढले. त्याच दिवशी स्टुडिओतून धुऊन घेतले, त्यातला एक सरांच्या पत्त्यावर पाठवला आणि कळवलं, मी येत नाही. दात कुठाय, हे सर विचारणारच. म्हणून फोटोच्या मागे लालसूचंच वाक्य लिहून टाकलं.

"दात माहा होता, काढ म्हटलं. हिरडी बाईची हाये, तिले हात नाई लावू देल्ला."