कोमट शर्ट
इस्त्रीच्या कोळशाचा वास आला की मला धुळ्यातली ती मदतफेरी आठवते. दुष्काळाचं साल होतं. साक्रीकडच्या खेड्यांसाठी धान्य-कपडे गोळा करायचे, ही कल्पना कॉलेजातल्या माझ्या मित्राची. पण फेरी निघायच्या आधीच काविळीनं तो गेला. मग आम्ही चौघांनी चादरीची चार टोकं धरून त्याच्याच नावानं फेरी काढली. उन्हानं डांबर मऊ झालं होतं, दारोदारची ज्वारी, बाजरी, जुनी धोतरं चादरीत पडत होती. त्याची गल्ली आली तसे आम्ही सरळ पुढं निघालो. त्याच्या आईपुढं चादर पसरायची कुणाची छाती होणार? पांझरेच्या पुलापाशी पोचतो तोच ती मागून धापा टाकत आली, अनवाणी. "बठ्ठासना दारे गयात, मनंच दार का सोडं रे?" सगळ्यांच्या दारी जाऊन आम्ही तिचंच दार सोडलं होतं. तिनं पदराखालून त्याचा निळ्या चौकड्यांचा शर्ट काढला आणि चादरीत न टाकता माझ्या हातात दिला. आम्ही येणार म्हणून तिनं तांब्यात निखारे घालून त्याला इस्त्री केली होती. शर्ट अजून कोमट होता, त्यानं आत्ताच अंगातून काढावा तसा. साक्रीकडे सामान नेणाऱ्या ट्रकमध्ये तो मी सगळ्यात शेवटी ठेवला. आता माझेही केस पिकलेत, पण इस्त्रीचे कपडे घरी आले की मी ते लगेच कपाटात ठेवत नाही. आधी त्यांवर तळहात ठेवून बघतो.